गोचीड : तिचे जीवन व तिच्यामुळे होणारे रोग

आपल्या अंबड तालुक्यात ज्याच्या दारी एखादे जनावर बांधलेले आहे, त्याच्या घरातील मुलास गोचीड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पिच्छा न सोडणाऱ्या मनुष्यास आपण ‘गोचिडीसारखा चिकटला’ असे सहज म्हणून जातो. परंतु सिंहाचे व हत्तीचे वर्णन तोंडपाठ म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास गोचिडीस पाय किती, ती जन्मते कोठे, आणि गाईच्या अंगावर नसते तेव्हा ती असते कोठे, असे प्रश्न केले तर तो बहुधा निरुत्तर होतो. हे अज्ञान निरुपद्रवी असते तर त्याची खंत करण्याचे कारण नव्हते. पण कर्ज काढून आणलेली दुभती गाय वैरण टाकून देते, तिला सणसणून ताप चढतो, दूध आटते, आणि काही दिवसांतच ती खुंट्याला मोकळी करून जाते, असे प्रसंग खेड्यापाड्यांत घडत असतात. त्या घरच्या मुलांची फी, वह्या, कपडे हे सारे पुष्कळदा त्या दुधावरच चाललेले असते. असल्या तापांपैकी कित्येक ताप गोचीडच आणते. म्हणून या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याचा परिचय करून घेणे हा केवळ जीवशास्त्राचा पाठ नसून तो घरच्या मिळकतीच्या रक्षणाचाही पाठ आहे.

शरीररचना

प्रथम एक गैरसमज दूर करू. गोचीड हा कीटक नव्हे. माशी, डास, उवा, ढेकूण हे कीटक होत, व त्या प्रत्येकास सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीस आठ पाय असतात. तिला पंख नाहीत आणि डोक्यावर स्पर्शिकाही नाहीत. तिचे नाते कोळी व विंचू यांच्याशी आहे. मात्र अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलास सहाच पाय असतात, चौथी जोडी पुढे फुटते. एखाद्या विद्यार्थ्याने भिंगातून पाहून सहा पाय मोजले, तर त्याचे मोजणे चुकले असे न समजता, त्याने गोचिडीचे बालरूप पाहिले असे समजावे.

जनावरांच्या अंगावर आढळणाऱ्या बहुतेक गोचिडी ‘कठीण’ जातीच्या असतात. त्यांच्या पाठीवर एक टणक ढाल असते. नराची ढाल त्याची सगळी पाठ झाकते, त्यामुळे रक्त पिऊन त्यास फारसे फुगता येत नाही. मादीची ढाल पाठीच्या पुढील थोड्याच भागावर असते. मागचे अंग मऊ, सुरकुतलेले व ताणले जाणारे असते. म्हणूनच तीळाएवढी दिसणारी मादी पोट भरल्यावर एरंडीच्या बीएवढी टम्म होते, व तिचे वजन पूर्वीच्या सुमारे शंभर पटींपर्यंत वाढते. एका मादीमागे जनावराचे सुमारे अर्धा ते एक मिलिलिटर रक्त जाते. अंगावर अशा दोनशे-तीनशे गोचिडी असल्या तर काय होईल, याचा हिशेब पाचवीतील मुलासही करता येईल.

गोचिडीचे तोंड हे एक विलक्षण हत्यार आहे. दोन सूक्ष्म पात्यांनी ती कातडी चिरते आणि मग मागे वळलेल्या दातांची एक सोंड त्या चिरेत रोवते. गळास जसा उलटा काटा असतो, तसेच हे दात असतात. म्हणून ओढूनही ती सुटत नाही. कित्येक जाती तर भोवती एक चिकट द्रव सोडतात, तो घट्ट होऊन गोचीड जागच्या जागी जणू चुन्यात बसविली जाते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे व जागा बधिर करणारे पदार्थ असतात. डास क्षणभरात पोट भरून उडून जातो. गोचीड मात्र कित्येक दिवस एकाच जागी बसून जेवते. इतका दीर्घ सहवास लाभल्यामुळेच रोगजंतूंना एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाण्यास भरपूर अवसर मिळतो.

तिचे नाक कोठे असते म्हणाल, तर पुढच्या पायांत! पायांच्या पहिल्या जोडीच्या टोकाशी एक बारीक खळगी असते. 1881 मध्ये हॅलर नामक शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, म्हणून तिला हॅलरचे इंद्रिय म्हणतात. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब व वास यांची जाणीव गोचिडीस या इंद्रियाने होते. गवताच्या पात्याच्या टोकावर चढून, पुढचे पाय हवेत पसरून ती वाट पाहत बसते. तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. जवळून जाणाऱ्या जनावराच्या केसांस ती फक्त धरून घेते.

जीवनक्रम

गोचिडीच्या आयुष्याचे चार टप्पे आहेत : अंडे, सहा पायांचे पिलू, आठ पायांचे बालरूप, आणि प्रौढ गोचीड. अंड्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यास रक्ताचे जेवण लागते, आणि जेवणानंतर कात टाकून ती पुढील रूप धारण करते.

आपल्याकडील गुराढोरांच्या अंगावर मुख्यतः दोन प्रकारच्या गोचिडी आढळतात, व त्यांच्या राहणीतील भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिली निळसर करड्या रंगाची. शास्त्रात तिचे नाव ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ही ‘एकयजमानी’ होय. पिलू म्हणून ती ज्या गाईवर चढते, त्याच गाईवर ती दोन वेळा कात टाकते, प्रौढ होते, व सुमारे तीन आठवड्यांनी पोट भरून खाली पडते. दुसरी हायलोमा, तिचे पाय लांब व पट्टेदार असतात. ती आयुष्यात एकाहून अधिक जनावरांवर जेवते. एका जेवणानंतर खाली उतरून गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, गव्हाणीच्या फटींत ती कात टाकते आणि पुन्हा नव्या यजमानाच्या शोधास निघते.

दोहींचा शेवट मात्र एकसारखा आहे. पोट भरलेली मादी जमिनीवर पडते, शेणकुटाखाली, गवताच्या बुंध्याशी अथवा मातीच्या भेगेत शिरते, तेथे हजारो अंडी घालते आणि मरते. मायक्रोप्लस जातीची एक मादी सामान्यतः दोन ते तीन हजार अंडी घालते. आता थोडे अंकगणित करू. अडीच हजार अंड्यांपैकी शंभरात एकच जीव वाचला असे धरले, तरी पंचवीस गोचिडी उरतात. त्यांपैकी बारा माद्या धरू. दुसऱ्या पिढीस या बारांच्या एकशे चव्वेचाळीस होतील, तिसऱ्या पिढीस एक हजार सातशे अठ्ठावीस, आणि चौथ्या पिढीस वीस हजार सातशे छत्तीस! उबदार व दमट हवेत एक पिढी पुरी होण्यास सुमारे दोनच महिने पुरतात. पावसाळ्यात व त्यानंतर गोचिडींचा एकाएकी सुकाळ का होतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

या हिशेबावरून आपल्या एका नित्याच्या चुकीचाही उलगडा होतो. गाईच्या कानातून टपोरी गोचीड उपटावयाची व ती तेथेच गोठ्यात टाकून द्यावयाची, ही आपली रीत आहे. पण फुगलेली मादी आपणहून जमिनीवर पडण्याच्याच बेतात असते. तिला उपटून भुईवर टाकणे म्हणजे अडीच हजार अंड्यांची पेरणी आपल्या हातांनी करणे होय.

एका शोधाची कथा

गोचीड रोग पसरविते हे मानवास कसे कळले, ती कथा विद्यार्थ्यांनी अवश्य जाणावी. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुरे विक्रीसाठी उत्तरेकडे हाकीत नेली जात. ही गुरे दिसावयास धडधाकट असत; पण ज्या कुरणांतून ती जात, तेथील उत्तरेची गुरे मागाहून लाल लघवी करून पटापट मरत. या रोगास टेक्सास ताप म्हणत. गुराखी म्हणत की हे गोचिडींचे काम आहे; पंडितांचा मात्र त्यावर विश्वास बसत नसे. थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबर्न यांनी ही समजूत न हसता तपासून पाहिली. एका कुरणात त्यांनी दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरील गोचिडी वेचून काढल्या, व मग ती गुरे उत्तरेच्या गुरांसोबत ठेविली. रोग झाला नाही. दुसऱ्या कुरणात दक्षिणेची गुरे न आणता नुसत्या गोचिडी सोडल्या. उत्तरेची गुरे आजारी पडली. 1893 मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठ पायांचा एक क्षुद्र जीव रोगाचा वाहक असतो, हे त्यांनी अशा रीतीने निर्विवाद सिद्ध केले. पुढे चार वर्षांनी, 1897 च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. अंबड त्या काळी ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, त्याच संस्थानातील हे गाव.

या कथेतून दोन बोध निघतात. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाचे निरीक्षण खरे असू शकते. परंतु ते खरे की खोटे हे प्रयोगानेच ठरते.

जनावरांचे रोग

टेक्सास तापाचा जंतू म्हणजे बॅबेसिया. तो रक्तातील तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, त्यामुळे लघवी लाल अथवा कॉफीसारखी काळपट होते. येथे चौकस विद्यार्थी शंका काढील : मायक्रोप्लस गोचीड तर सारा जन्म एकाच गाईवर काढते, मग ती रोग दुसऱ्या गाईस कसा देते? उत्तर मोठे चमत्कारिक आहे. आजारी गाईचे रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांत तो जंतू उतरतो. आई मरून जाते, परंतु पुढील पिढी जन्मतःच रोगाचा वारसा घेऊन नव्या गाईवर चढते.

दुसरा रोग थायलेरिया. हा हायलोमा गोचिडीमुळे होतो. याचा जंतू अंड्यांतून उतरत नाही. पिलाने अथवा बालरूपाने आजारी जनावराचे रक्त प्यावे, खाली उतरून भिंतीच्या भेगेत कात टाकावी, आणि पुढील रूपात निरोगी जनावरास चावावे, असा याचा प्रवास आहे. या रोगात खांद्यापुढील व इतर ठिकाणच्या लसिकाग्रंथी सुजून गाठी हातास लागतात, ताप 104 ते 106 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, डोळ्यांची आतील कड पांढुरकी पडते, दम लागतो. तिसरा रोग ॲनाप्लाझ्मोसिस; त्यातही ताप येतो व रक्त कमी होते, पण लघवी लाल होत नाही.

देवणी, लाल कंधारी यांसारख्या आपल्या मराठवाड्याच्या गुरांस या तापांचा त्रास त्या मानाने कमी होतो. पुष्कळशी देशी वासरे लहानपणीच थोडा संसर्ग सोसून प्रतिकारशक्ती मिळवितात, आणि देशी गुरांच्या अंगी गोचिडीस तोंड देण्याचा उपजत गुणही अधिक असतो. जर्सी व होल्स्टीन यांचा संकर असलेली गाय दूध अधिक देते खरी, पण टेक्सास तापाच्या कथेतील उत्तरेच्या गुरांसारखी ती या रोगांस नवखी असते. जिच्यासाठी अधिक पैसा मोजला, तिचीच राखण अधिक करावी लागते, हे संकरित गाय आणणाऱ्याने प्रथमपासून जाणून असावे.

हे रोग असाध्य मात्र नव्हेत. कानाच्या टोकाचा एक थेंब रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जंतू ओळखता येतो, आणि प्रत्येकावर निराळे औषध उपलब्ध आहे. थायलेरियावर संकरित जनावरांसाठी लसही आहे. पण औषध वेळेवर गेले तरच गुण येतो. ‘दृष्ट लागली’ म्हणून तीन दिवस वाट पाहिली, तर चौथ्या दिवशी पशुवैद्यही हतबल होतो.

मनुष्यास होणारे रोग

गोचीड मनुष्यासही चावते. कुत्र्याच्या अंगावरील तांबूस गोचिडीमुळे पसरणारा एक ताप भारतात, व महाराष्ट्रातही, आढळतो. त्यात डोके फार दुखते व अंगावर पुरळ उठते. ते तळहात-तळपायांवरही दिसते. वेळीच ओळखल्यास हा ताप औषधाने लवकर हटतो.

याहून भयंकर रोग क्यासनूरचा, ज्यास लोक माकडताप म्हणतात. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर वनाच्या आसपास माकडे मरू लागली व माणसेही तापाने आजारी पडली. 1952 मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी याचा विषाणू व त्याचा वाहक, म्हणजे रानगोचीड, शोधून काढली. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. 2015 मध्ये हा रोग गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, व 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात दिसून आला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांस त्याची बाधा झाली. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. हा रोग सह्याद्रीच्या वनराईचा आहे, मराठवाड्याच्या उघड्या रानाचा नव्हे. तथापि सुटीत कोकणात जाणाऱ्यांनी मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये.

आपल्या गोठ्यातील हायलोमा गोचिडीशी ज्याचा संबंध आहे, तो क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. 2011 च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबादजवळ हा रोग प्रथम ओळखला गेला. रुग्णाची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यास बळी पडले. 2020 मध्ये गुजरातेतील रुग्णांमुळे पालघर जिल्ह्यात सावधगिरीची सूचना देण्यात आली होती. हा रोग विरळा आहे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु जनावरात लक्षण न दाखविता त्याचा विषाणू रक्तात असू शकतो, आणि गोचीड चिरडल्याने तो कातडीच्या ओरखड्यातून मनुष्याच्या अंगात शिरू शकतो. सबब नखावर नख ठेवून गोचीड फोडण्याचा मुलांचा खेळ आजपासून बंद झाला पाहिजे.

उपाय

गोचिडीचा जीवनक्रम ज्यास समजला, त्यास उपाय निराळे सांगावे लागत नाहीत. गाईच्या अंगावर आपणांस दिसतात त्या गोचिडी एकंदर संख्येचा अल्पसा भाग होत; अंडी, पिले व कात टाकणारी बालरूपे भिंतीत, भुईत व गवतात दडलेली असतात. म्हणून लढाई केवळ गाईच्या पाठीवर जिंकली जात नाही, ती गोठ्याच्या भिंतीवर जिंकावी लागते.

भिंतीच्या भेगा, दगडांचे सांधे व गव्हाणीच्या फटी माती किंवा सिमेंटने बुजवाव्यात व वर चुन्याचा हात द्यावा. शेण रोज उचलावे. उकिरडा गोठ्यापासून दूर असावा. कोंबड्या गोठ्यात फिरू द्याव्यात, त्या गोचिडी टिपतात. बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे निराळे बांधावे, व अंग तपासून, औषध लावून मगच इतरांत मिसळावे.

गोचीडनाशक औषधे विषारी असतात. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणातच वापरावीत. प्रमाण कमी घेतल्यास गोचिडी मरत नाहीत, उलट त्या औषधास दाद न देणारी पिढी तयार होते. प्रमाण अधिक झाल्यास जनावरास व फवारणाऱ्यास अपाय होतो. औषध अंगावर मारावे त्याच दिवशी गोठ्यातही मारावे, वैरण व पाणी आधी बाजूस काढावे, आणि नंतर किती दिवस दूध वापरू नये हे विचारून घ्यावे. हे काम मोठ्या माणसांचे आहे, मुलांनी त्यात हात घालू नये.

मुलांनी करावयाचे काम निराळे आहे, आणि ते कमी मोलाचे नाही. पोळ्याच्या सणास आपण बैलास न्हाऊ घालतो, खांदे मळतो, त्याच्या अंगाचा कण न् कण हाताखालून घालतो. असा हात आठवड्यातून एकदा, प्रत्येक जनावरावरून, मुलांनी मोठ्यांसमवेत फिरवावा. कानाच्या आत, मानेखालच्या लोंबत्या कातडीवर, कासेभोवती, जांघेत व शेपटीखाली गोचिडी विशेष असतात. त्या चिमट्याने काढून रॉकेल अथवा साबणाचे पाणी घातलेल्या बाटलीत टाकाव्यात, भुईवर टाकू नयेत, व मागाहून हात साबणाने धुवावेत. स्वतःच्या अंगास गोचीड लागली असल्यास तिला काडीने चटका देऊ नये, तेल लावीत बसू नये. कातडीलगत चिमट्याने धरून सरळ वर ओढावी. पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांस गोचीड चावल्याचे आठवणीने सांगावे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने येत्या रविवारी चिमटा व बाटली मागितली तर त्यास अभ्यास सोडून हे काय आरंभिले असे म्हणू नये. हाही त्याचा अभ्यासच होय. बाटलीत पडलेली प्रत्येक फुगीर गोचीड म्हणजे गोठ्यात न पडलेली अडीच हजार अंडी, आणि हा हिशेब ज्या घरी रोज होईल, त्या घरची गाय पुढील पावसाळा सुखरूप पार करील अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.